घटक ७ : बंदराची स्मृती – जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयाची भेट

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
● जुने गोवे या बंदरनगरीचा आणि तेथील संग्रहालयाचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
● वीरगळ, सतीशिळा, देवमूर्ती, पुतळा आणि व्यक्तिचित्र या वस्तू कशा ‘वाचाव्यात’ हे सांगता येईल.
● पाहिलेले, वाचलेले आणि अनुमानाने जाणलेले यांतील भेद ओळखता येईल.
● संग्रहालयभेटीवर आधारित लेख नेमकेपणाने लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासलेखनाचे स्वरूप पाहिले. प्रवासी चालत्या जगाचे वर्णन करतो. संग्रहालयात मात्र वस्तू स्थिर असतात आणि पाहणाऱ्याला त्यांच्याभोवती फिरावे लागते. म्हणूनच संग्रहालयाविषयीचे लेखन वरवर सोपे वाटते. एकेका दालनात जावे, फलक वाचावेत, वस्तूंची नावे टिपून घ्यावीत आणि शेवटी ‘इतिहास डोळ्यांसमोर उभा राहिला’ असे एक वाक्य लिहावे, अशी या लेखनाची ठरून गेलेली रीत आहे. या रीतीने यादी तयार होते, लेख तयार होत नाही.

यादी आणि लेख यांत फरक पडतो तो प्रश्नांमुळे. संग्रहालयातील जवळजवळ प्रत्येक वस्तू मुळात दुसऱ्याच ठिकाणी होती. मूर्ती गाभाऱ्यात होती, वीरगळ गावाच्या वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात होता, चित्र राजवाड्याच्या भिंतीवर होते. ती वस्तू तेथून का निघाली आणि येथे कशी आली, हे विचारल्याखेरीज तिचा अर्थ पुरता कळत नाही. प्रस्तुत घटकात आपण जुने गोवे येथील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संग्रहालयाचे उदाहरण घेऊन असे प्रश्न विचारण्याचा अभ्यास करणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ स्थळ : मांडवीकाठचे बंदर

संग्रहालयात शिरण्यापूर्वी ते ज्या भूमीवर उभे आहे तिची ओळख करून घेणे आवश्यक आहे. गोव्याच्या इतिहासात राजधानी आणि बंदर या दोन्हींची जागा पुन्हा पुन्हा बदलली. कदंब राजांची राजधानी प्रथम चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, येथे होती. पुढे ती जुवारी नदीच्या मुखाजवळील गोपकपट्टण येथे आली. हे गोपकपट्टण म्हणजे आज ‘गोवा वेल्हा’ या नावाने ओळखला जाणारा परिसर होय. आपण ज्या ‘जुने गोवे’ या स्थळाचा विचार करीत आहोत ते याहून निराळे असून मांडवी नदीच्या काठी आहे. नावांच्या साम्यामुळे या दोन ठिकाणांची गल्लत होते. ती विद्यार्थ्यांनी कटाक्षाने टाळावी.

मांडवीकाठचे हे गाव ‘एला’ या नावाने ओळखले जाई. बहमनी आणि त्यानंतर विजापूरच्या आदिलशाही अमलात ते भरभराटीस आले. अरबस्तान आणि इराणकडून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार हे या किनाऱ्याच्या महत्त्वाचे एक प्रमुख कारण होते. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्क याने हे शहर जिंकले, गमावले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे मुख्य केंद्र होते. सतराव्या शतकात रोगांच्या साथी आणि डच आरमाराची स्पर्धा यांमुळे त्याला उतरती कळा लागली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीस हलले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली.

घरे पडली, रस्ते झाडीत गेले. राहिली ती प्रामुख्याने चर्चे आणि मठ. या चर्चवास्तूंचा समावेश १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. आज तेथे गेलेल्या माणसाला विस्तीर्ण हिरवळीवर काही भव्य इमारती दिसतात आणि सारे काही प्रशस्त व शांत वाटते. ही शांतता मूळची नव्हे. येथे दाट वस्तीचे, गजबजलेले शहर होते आणि ते नाहीसे झाल्यामुळे ही मोकळी जागा निर्माण झाली आहे. भेटीच्या लेखात या रिकामेपणाचीही नोंद झाली पाहिजे.

७.२.२ वास्तू : मठाचे संग्रहालय

सी कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. त्याला लागून असलेल्या मठाच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. १५१७ मध्ये आठ फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक गोव्यात आले आणि त्यांनी येथे लहानसे प्रार्थनागृह उभारले. १५२१ मध्ये त्या जागी चर्च बांधले गेले. ते पाडून १६६१ मध्ये सध्याचे चर्च उभे राहिले. मात्र जुन्या चर्चचे कोरीव प्रवेशद्वार तसेच राखून नव्या दर्शनी भागात बसवण्यात आले. म्हणजे आपण सतराव्या शतकातील वास्तूत सोळाव्या शतकातील दारातून प्रवेश करतो. चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज उमरावांच्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या असून त्यांवर त्यांची कुलचिन्हे कोरलेली आहेत.

१८३५ मध्ये पोर्तुगीज शासनाने धर्मसंघ बरखास्त केले आणि मठ ओस पडले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर १९६४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या मठात संग्रहालय स्थापन केले. ज्या राजवटीच्या धर्मसत्तेने हा मठ उभारला, तिच्या पूर्वीच्या देवमूर्ती आज त्याच मठाच्या छताखाली जपल्या जात आहेत. ही घटना आपण शांतपणे ध्यानात घ्यावी. तिच्यावर उपरोधाचे किंवा विजयाचे भाष्य करण्याची घाई करू नये. अशी घाई केल्यास पुढची दालने आपल्याला आधीच ठरवलेल्या मताचे पुरावे म्हणून दिसू लागतात.

७.२.३ वीरगळ : खालून वर वाचायचा दगड

संग्रहालयातील शिल्पांत कदंबकालीन वीरगळ आणि सतीशिळा विशेष लक्षणीय आहेत. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधील ‘वीरगल्लु’ या शब्दावरून आला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड; म्हणून वीरगळ म्हणजे वीराचा दगड. या एका शब्दात मराठी आणि कन्नड या भाषांचा जुना शेजार साठवलेला आहे.

वीरगळ हा खालून वर वाचायचा असतो. त्यावर सामान्यतः आडवे कप्पे असतात. सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई आणि वीराचा मृत्यू दाखवलेला असतो. त्यावरच्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. शिखरावर कलश आणि चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर या वीराचे स्मरण राहो, हा त्यांचा आशय. वाचनाची दिशा माहीत नसलेला माणूस वरून पाहू लागतो आणि त्याला हे पूजेचे शिल्प वाटते. दिशा कळली की तोच दगड एका माणसाच्या मरणाची आणि त्याच्या माणसांनी मानलेल्या सद्गतीची कथा सांगू लागतो.

आता या वीरगळांतील ज्यांवर नौकायुद्ध कोरलेले आहे, त्यांच्याकडे वळू. सह्याद्रीच्या पूर्वेकडील गावांत आढळणाऱ्या वीरगळांवर बहुधा घोडदळ, पायदळ किंवा पळवून नेल्या जाणाऱ्या गाईंसाठी झालेली झुंज असते. किनाऱ्यावरच्या या दगडांवर मात्र नाव, वल्ही आणि नावेतील योद्धे दिसतात. मुंबईत बोरिवलीजवळील एक्सर येथेही नौकायुद्धाचे वीरगळ आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : पोर्तुगीज जहाजे येण्यापूर्वी काही शतके या किनाऱ्यावरचे लोक समुद्रावर लढत होते, मरत होते आणि त्यांचे स्मारकही घडवले जात होते. बंदराचा इतिहास १५१० मध्ये सुरू होत नाही, हे सांगणारा याहून थेट पुरावा शोधूनही मिळणे कठीण.

वीरगळांच्या शेजारी सतीशिळा पाहाव्यात. सतीशिळेवर बहुधा कोपरात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेला असतो. बांगड्या या सौभाग्याच्या खुणा. म्हणजे ती स्त्री सौभाग्यासह गेली, असे शिळा उभारणाऱ्यांना सांगायचे आहे. वीरगळावर वीराचे संपूर्ण शरीर, त्याची हालचाल, त्याचे शस्त्र असते. सतीशिळेवर पुष्कळदा स्त्रीचा केवळ हात उरतो. समाजाने कोणाचे काय स्मरणात ठेवले, हे या दोन शिळा शेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. कोणतीही टीका न करता एवढे निरीक्षण नेमक्या शब्दांत नोंदवले, तरी लेखाला खोली येते.

७.२.४ देवमूर्ती : दिसते ते आणि न दिसते ते

गोव्याच्या परिसरात जांभा दगड विपुल आहे. त्याची छिद्रे आणि खडबडीतपणा यांमुळे त्यावर बारीक कोरीव काम होत नाही. म्हणून सुबक मूर्तीसमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न दगडाविषयी विचारावा : हा दगड येथला आहे की बाहेरून आणलेला? असाच प्रश्न समोरच्या बॉम जेझू बॅसिलिकेपुढेही विचारता येतो. तिच्या दर्शनी भागासाठी वापरलेला काळा दगड वसईहून आणला गेला होता. देऊळ असो वा चर्च, बंदराच्या गावात दगडही प्रवास करतो.

दुसरा प्रश्न भग्नतेविषयीचा आहे. संग्रहालयातील काही मूर्तींचे हात, काहींची प्रभावळ, काहींचे चेहरे तुटलेले आहेत. १५४० च्या सुमारास तिसवाडी भागातील आणि पुढे सासष्टी व बारदेश या भागांतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली, हा नोंदलेला इतिहास आहे. भाविकांनी अनेक देवता त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात, नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती याच काळात. हा इतिहास ठाऊक असलेल्या अभ्यासकाला प्रत्येक भग्न मूर्तीत त्याच विध्वंसाची खूण दिसू लागणे स्वाभाविक आहे.

येथेच सावध राहावयाचे आहे. मूर्ती भग्न आहे, हे दिसते. ती कोणी, केव्हा आणि का फोडली, हे दिसत नाही. ती पूर्वीच्या एखाद्या स्वारीत तुटलेली असू शकते, देऊळ जीर्ण होऊन कोसळताना तुटलेली असू शकते किंवा भंगल्यामुळे पूजेतून काढून पाण्यात सोडलेलीही असू शकते. फलकावर तिच्या प्राप्तिस्थानाची आणि काळाची नोंद असेल तर तेवढे आपण सांगावे. नसेल तर ‘ही मूर्ती भग्न अवस्थेत आहे’ या वाक्यापाशी थांबावे. असे थांबणे म्हणजे विध्वंस नाकारणे नव्हे. जो अन्याय पुराव्याने सिद्ध आहे, त्याला पुरावा नसलेल्या उदाहरणांची जोड दिली तर सिद्ध गोष्टीही संशयास्पद ठरतात. तेव्हा घडलेल्या अन्यायाची बूज राखायची असेल तर आपली विधाने मोजून मापूनच केली पाहिजेत.

७.२.५ पुतळे आणि व्यक्तिचित्रे : सत्तेचे स्मरण

वीरगळ हे जसे स्मारक, तसाच पुतळाही. संग्रहालयात दोन मोठे ब्राँझचे पुतळे आहेत. पहिला आल्बुकर्कचा. तो पूर्वी पणजीत होता. दुसरा ‘लुझियाद’ या महाकाव्याचा कर्ता कवी लुईश द कामोंइश याचा. कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला होता आणि त्याचे महाकाव्य १५७२ मध्ये लिस्बनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा पुतळा १९६० मध्ये, म्हणजे गोवामुक्तीच्या अवघे वर्षभर आधी, जुने गोवे येथील चौकात बसवण्यात आला आणि पुढे तो संग्रहालयात हलवला गेला.

या पुतळ्यांच्या स्थलांतराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चौकातला पुतळा वंदन मागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून पाहावे अशा उंचीवर तो ठेवलेला असतो. तोच पुतळा छताखाली आला की वंदनाची जागा अभ्यास घेतो. पराभूत राजवटीचे पुतळे वितळवून टाकण्याचा एक मार्ग असतो आणि ते जागच्या जागी ठेवण्याचा दुसरा. येथे तिसरा मार्ग अनुसरला गेला : मान काढून घेतला, पुरावा मात्र राखला. या निर्णयाशी आपण सहमत असा वा नसा. पण आपल्या लेखात तो निर्णय म्हणून ओळखला गेला पाहिजे.

मठाच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या व्यक्तिचित्रांची मालिका आहे. तिचा आरंभ १५४७ मध्ये दों जुआंव द काश्त्रो याने केला. बखरकार गास्पार कोर्रैया याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने पहिली चित्रे रंगवली. पुढे प्रत्येक अधिकाऱ्याच्या चित्राची त्यात भर पडत गेली. ही चित्रे मूळची जुने गोवे येथील व्हाइसरॉयच्या राजवाड्यात होती. तो राजवाडा आज अस्तित्वात नाही.

या चित्रांकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : जुन्या चित्रांवर नंतरच्या काळात पुन्हा रंग चढवले गेले. त्यामुळे आपल्याला दिसणारा चेहरा हा त्या व्यक्तीचा, मूळ चित्रकाराचा की नंतर डागडुजी करणाऱ्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. दुसरी : चित्रातल्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, कुलचिन्ह सारे नोंदलेले आहे, ज्याच्या हाताने ही मालिका सुरू झाली त्या स्थानिक चित्रकाराचे नाव मात्र दालनात कोठेही दिसत नाही. वीरगळ कोरणारा पाथरवट जसा अनामिक, तसाच हा चित्रकारही अनामिक. स्मरणात राहिलेले आणि स्मरण घडवणारे ही दोन वेगळी माणसे असतात. संग्रहालयातून बाहेर पडताना दुसऱ्या प्रकारच्या माणसांचीही आठवण मनात असावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. हे संग्रहालय कोणत्या वर्षी स्थापन झाले?
२. वीरगळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात सामान्यतः काय असते?
३. व्यक्तिचित्रांची मालिका कोणी सुरू केली?

(ब) चूक की बरोबर ते सांगा.
१. ‘गोवा वेल्हा’ आणि ‘जुने गोवे’ ही एकाच स्थळाची नावे आहेत.
२. जांभा दगडावर बारीक कोरीव काम सहज करता येते.

७.२.६ संग्रहालयाबाहेरचे अवशेष : छापखाना, ग्रंथ आणि शब्द

मराठीच्या विद्यार्थ्याला या नगरीशी जोडणारा आणखी एक धागा आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये जुने गोवे येथील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्या महाविद्यालयाच्या दर्शनी भागाची कमान तेवढी आज उभी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यानंतर १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हे काव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते हस्तलिखितांच्या आधारे. दगड, ब्राँझ आणि लाकूड यांवरील स्मारके संग्रहालयात जपली गेली. पण ज्या ग्रंथाने मराठीत नवा विषय आणला, त्याचे छापील रूप टिकले नाही. तो टिकला तो नकलून घेणाऱ्यांच्या हातांमुळे आणि वाचणाऱ्यांच्या कंठामुळे.

भाषेतही अवशेष असतात. पगार, चावी, तुरुंग, लिलाव, घमेले, बटाटा, काजू, अननस हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आले. ‘हापूस’ या शब्दाचा संबंध ‘आफोंसो’ या नावाशी जोडला जातो. आल्बुकर्कचा पुतळा संग्रहालयात गेला. परंतु त्याच नावाशी नाते सांगणारे आंब्याचे नाव कोकणातल्या बागांत आणि आपल्या घरांत रुळून गेले आहे. बंदरावर केवळ माल उतरत नाही. शब्दही उतरतात आणि काही पिढ्यांत ते घरचे होतात.

७.२.७ लेखन : तीन प्रकारची विधाने

भेटीच्या लेखात तीन प्रकारची विधाने येतात. ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

१. निरीक्षण : मी स्वतः पाहिले ते. उदा. ‘या दगडाच्या खालच्या कप्प्यात नाव कोरलेली आहे.’
२. माहिती : फलकावरून, ग्रंथांतून किंवा जाणकारांकडून मिळाली ती. उदा. ‘हा वीरगळ कदंबकालीन आहे.’
३. अनुमान : वरील दोहोंवरून मी काढलेला निष्कर्ष. उदा. ‘यावरून या परिसरात आरमारी लढाया होत असाव्यात.’

तिसऱ्या विधानातील ‘असाव्यात’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. मराठीत ‘असावा’, ‘दिसते’, ‘म्हणतात’, ‘जोडला जातो’ अशा रूपांनी आपण खात्रीची पातळी सूचित करू शकतो. भाषेची ही सोय जाणीवपूर्वक वापरावी. आता एकाच प्रसंगाचे दोन परिच्छेद पाहा.

परिच्छेद (क) : “संग्रहालयात अनेक सुंदर वीरगळ होते. ते पाहून आपल्या पूर्वजांच्या शौर्याने ऊर भरून आला. कलाकारांनी दगडात प्राण ओतले होते. खरोखर, असा वारसा जगात कोठेही नसेल.”

परिच्छेद (ख) : “दगड माझ्या कमरेएवढा उंच होता. तळाशी एक नाव होती आणि तिच्या कडेने वल्ह्यांच्या तिरप्या रेघा. नावेतली माणसे इतकी लहान, की त्यांचे चेहरे झिजून एकसारखे झाले होते. वरच्या कप्प्यात त्यांच्यापैकी एकजण हात जोडून पिंडीसमोर बसला होता. आमच्या गावच्या मारुतीपाशी असाच एक दगड आहे. त्याला आम्ही लहानपणापासून तेल वाहतो; तो कोणाचा, हे कधी विचारले नाही.”

पहिल्या परिच्छेदात भावना आहे, पण वस्तू नाही. तो न जाताही लिहिता आला असता. दुसऱ्यात ‘शौर्य’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तरीही एका माणसाचे मरण, काळाने पुसलेले त्याचे मुख आणि लेखकाला उशिरा पडलेला प्रश्न या तिन्ही गोष्टी वाचकापर्यंत पोहोचतात. (दोन्ही परिच्छेद अभ्यासासाठी तयार केलेले आहेत.)

प्रौढ विद्यार्थ्याजवळ तरुण विद्यार्थ्याहून एक अधिक साधन असते. ते म्हणजे अनुभव. शेती, कारखाना, कार्यालय, घरकाम यांतून आपले डोळे विशिष्ट गोष्टी टिपायला सरावलेले असतात. गवंडीकाम करणारा अभ्यासक मठाच्या भिंतीची जाडी पाहील, मासेमारी करणारा शिल्पातील नावेचा आकार पाहील. ही नजर लेखनात आणण्यास संकोच करू नये.

७.३ सारांश

जुने गोवे हे मांडवीकाठचे बंदर आदिलशाही आणि पोर्तुगीज काळात वैभवास चढले आणि पुढे ओस पडले. तेथील फ्रान्सिस्कन मठात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ, सतीशिळा, देवमूर्ती, पोर्तुगीज पुतळे आणि व्यक्तिचित्रे एका छताखाली आहेत. यांतील वीरगळ, सतीशिळा, पुतळे आणि चित्रे कोणीतरी कोणाच्या तरी स्मरणासाठी घडवलेली आहेत. प्रत्येक वस्तू आपल्या मूळ जागेपासून दूर आली आहे. ती मूळ जागा मनाने पुन्हा उभी करणे आणि तसे करताना पुराव्याची मर्यादा न ओलांडणे, हे संग्रहालय पाहणाऱ्याचे आणि त्याविषयी लिहिणाऱ्याचे मुख्य काम आहे.

७.४ शब्दार्थ

प्रभावळ : मूर्तीच्या मागील कोरीव कमान. 
प्राप्तिस्थान : वस्तू जेथे सापडली ते ठिकाण. 
कुलचिन्ह : घराण्याची ओळख दर्शवणारी आकृती. 
पाथरवट : दगड घडवणारा कारागीर. 
महाल : (येथे) प्रशासकीय विभाग. 
भग्न : तुटलेले.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. २. सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई आणि वीराचा मृत्यू दाखवलेला असतो. ३. व्यक्तिचित्रांची मालिका दों जुआंव द काश्त्रो याने सुरू केली.
(ब) १. चूक. २. चूक.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘चौकातला पुतळा वंदन मागतो, छताखाली आला की वंदनाची जागा अभ्यास घेतो.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. वीरगळ आणि सतीशिळा यांच्या रचनेची तुलना करून त्यांतून दिसणारा समाजाचा दृष्टिकोन स्पष्ट करा.
३. निरीक्षण, माहिती आणि अनुमान यांतील भेद आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूच्या आधारे दाखवा.
४. टीप लिहा : (अ) ख्रिस्तपुराणाच्या छापील आवृत्त्या (ब) मराठीतील पोर्तुगीज शब्द.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळचे एखादे संग्रहालय निवडा. गोव्यास जाणे शक्य नसल्यास हरकत नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरी येथे मिळालेल्या रोमन बनावटीच्या वस्तू आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या गावातही बंदराच्या खुणा कशा पोहोचतात, हे तेथे पाहता येते. जवळ संग्रहालय नसेल तर गावातील वीरगळ शोधा. तो बहुधा देवळाच्या आवारात, पाराशी किंवा वेशीवर असतो. कधी शेंदूर फासलेला, कधी पायरीला लावलेला, कधी अर्धा मातीत गेलेला असतो. त्याला हलवू नका, खरवडू नका, त्यावर खडूने रेघा ओढू नका. उंची-रुंदी मोजा, कप्पे मोजा, खालून वर काय दिसते ते क्रमाने लिहा. मग गावातील दोन वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारा आणि त्यांचे सांगणे ‘माहिती’ या सदरात नोंदवा. शेवटी आपले अनुमान दोन-तीन वाक्यांत लिहा.

या नोंदींच्या आधारे सुमारे ५०० शब्दांचा लेख तयार करून अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात वाचून दाखवा. गावातील त्या दगडाविषयी आजवर कोणी काही लिहिले नसेल, तर त्याची पहिली लेखी नोंद कदाचित आपल्याच हातून होईल. म्हणून ती खरी असू द्या.